बर्फाखालच्या सिद्धूला

सिद्धू, अप्पा परवा पुन्हा बाजाराला बसले. तुझी बातमी आल्यापासून भांड्यांची पोती ओसरीवर तशीच बांधून पडली होती. अव्वा त्यांना वळसा घालून झाडायची, कुणी हात लावत नव्हतं. परवा सकाळी अप्पांनी टेम्पोवाल्याला बोलावलं आणि उमरग्याच्या बाजारात नेहमीच्या जागी ताडपत्री अंथरली. मी माहेरीच होते, म्हणून सोबत गेले. दुपारच्या सुमाराला कुठल्याशा वाडीवरची एक म्हातारी आली. तिनं एक पातेलं उचललं, खाली ठेवलं, दुसरं उचललं, इकडंतिकडं बघितलं आणि अप्पांना विचारलं, "ते तुमचं पोरगं कुठं गेलं? भांडं वाजवून दावायचं ते."

"परगावी असतंय आता," अप्पा म्हणाले आणि त्यांनी पातेलं उलटं धरून पेरांनी वाजवून दाखवलं. त्यांना तुझ्यासारखं वाजवता येत नाही. तू वाजवलंस की आजूबाजूच्या चार दुकानांतली माणसं वळून बघायची. अप्पांनी वाजवलं तर नुसता आवाज झाला. तरी म्हातारीनं ते घेतलं. निघताना म्हणाली, "त्याला सांगा, मागच्या साली दिलेली घागर अजून गळंना."

म्हणून सांगते. घागर अजून गळत नाही.

लोक घरी येतात, बसतात आणि तुझ्याविषयी विचारायला लागले की अडखळतात. आपल्या गावात फौजेत गेलेली पोरं आहेत. त्यातला एक तिरंग्यात गुंडाळून परत आला होता. त्याच्या वेळी काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं. घोषणा होत्या, शाळेची पोरं होती, रस्त्यावर फुलं होती. तुझ्या वेळी कुणाला काही सुचलं नाही. तू परक्या देशाच्या वर्दीत, ज्या लढाईशी आपला काही संबंध नाही अशा लढाईत गेलास, आणि त्यांनी तुला तिथंच पुरलं. त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. घरात ते उच्चारलेलं अव्वाला चालत नाही.

मला मात्र तू वर्दीतला आठवत नाहीस. मला आठवतोस तो आपल्या गोठ्याजवळच्या लिंबाला लोंबकळणारा. फौजेच्या भरतीला तुझी उंची एका बोटानं कमी पडली होती. पळण्यात तू पहिल्या पोरांत होतास, छाती बसत होती, कान-डोळे चांगले होते. पट्टीखाली उभा राहिलास आणि तिथल्या माणसानं नुसती मान हलवली. त्या दिवसापासून तू रोज सकाळ-संध्याकाळ फांदीला लटकायला लागलास. कुणीतरी तुला सांगितलं होतं की अंग ताणलं की वाढतं. मी दिवाळीला आले होते, तर तू मला म्हणालास, "अक्का, खालून पाय वढ." मी ओढले. मी शिवणकाम करणारी बाई, कापड ओढून वाढत नाही हे मला ठाऊक, पण तुझा चेहरा बघून ओढले. फांदी कडाडली आणि तू सरळ गव्हाणीत. म्हैस दचकून दावं तोडून पळाली, तिच्यामागं अव्वा, आणि तू गव्हाणीत कडब्यावर पडून हसत होतास. तुला उठवायला आले तर म्हणालास, "थांब की. आडवं पडलं की उंची टिकती."

ते तू खरंच मानत होतास. सकाळी उठल्या उठल्या माणूस थोडा उंच असतो, दिवसभर उभं राहून तो दबतो, हे तू कुठं तरी ऐकलं होतंस. दुसऱ्या भरतीला जाताना तू अप्पांच्या टेम्पोत, पातेल्यांच्या आणि परातींच्या मधी गोधडी टाकून उताणा पडलास. मैदान येईपर्यंत उठायचं नाही असं ठरवून. अप्पा पुढं ड्रायव्हरजवळ बसले होते. प्रत्येक खड्ड्याला मागं भांडी आदळायची आणि तू ओरडायचास, "अप्पा, हळू, म्या कमी व्हायलोय." अप्पा ही गोष्ट बाजारात सगळ्यांना सांगायचे. सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आवरायचं नाही. त्या भरतीतही तू बसला नाहीस. घरी आलास, हातपाय धुतलेस, अव्वाला भाकरी मागितलीस. त्यानंतर लिंबाला लटकला नाहीस.

तू पळायला जायचास त्या चड्ड्या मी शिवलेल्या होत्या. माझ्या येरमाळ्याच्या दुकानात अजून तुझं माप भिंतीवर लिहिलेलं आहे. कंबर, मांडी, लांबी. लांबीपुढं तू स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतंस, "वाढणार आहे."

आपलं एक भांडण तसंच राहिलं. मी सासरी आल्यावर कानडी विसरले, असं तू म्हणायचास. आपल्या घरात अव्वा कानडीत बोलणार, अप्पा मराठीत उत्तर देणार आणि आपण दोघं ज्याला जे सोयीचं ते बोलणार, अशी रीत. येरमाळ्याला कानडी बोलायला कुणी नाही, मग माझ्या लेकीला ती येणार कुठून? तू यायचास तेव्हा तिला मुद्दाम कानडीत हाका मारायचास, ती गोंधळून माझ्याकडं बघायची, आणि तू मला म्हणायचास, "अक्का, अव्वाशी ही कशी बोलणार मोठी झाल्यावर?" मी म्हणायचे, अव्वाला मराठी येतं की. तू म्हणायचास, "अव्वाला रागवायला मराठी येतंय. माया करायला न्हाय." मी ते कधी कबूल केलं नाही. अव्वाच्या तोंडून मायेचं मराठी मी कितीदा ऐकलंय, अशी यादीच मी तुझ्यापुढं म्हणून दाखवायचे. तू कान झाकून घ्यायचास.

आणि दुसरं भांडण येडेश्वरीच्या पायऱ्यांवरचं. निघायच्या आधी तू मला भेटायला आलास. आपण दर्शन घेतलं आणि उतरताना मधल्याच पायरीवर सावलीला बसलो. खाली रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या. तू सांगितलंस की परदेशात हॉटेलात काम मिळतंय, ओळखीच्या एकानं गाठ घालून दिलीय. मी विचारलं, कसलं हॉटेल, गावाचं नाव काय, तिथं आपलं कोण आहे. तुला यातलं काही नीट सांगता येईना. मी म्हणाले, जाऊ नकोस. अप्पांचे गुडघे धरलेत, बाजार तू सांभाळ, रान थोडं का असेना आहे, मी उमरग्यात तुझ्यासाठी गाळा बघते.

मग म्हणालास, "अक्का, भांडी वाजवूनच जन्म घालवू का म्या?"

"मग काय झालं? अप्पांनी घालवलाच की."

"अप्पांना दुसरं कायी पायजेच नव्हतं. मला पायजे हाय."

पुढं आपण दोघंही तेच तेच बोलत राहिलो. तू ऐकलं नाहीस, मीही हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तुला स्टँडवर सोडायला आले, शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिल्या. बस सुटताना तू खिडकीतून डोकं बाहेर काढून कानडीत काहीतरी ओरडलास. गाडीच्या आवाजात मला ते कळलं नाही. मी हात हलवला. काय म्हणालास ते फोनवर विचारू असं मनात होतं. फोन आले, पण त्या वेळी दुसरीच बोलणी व्हायची.

पहिले काही आठवडे तू खरोखर एका भटारखान्यात होतास. थंडीचं सांगायचास. नाकातला श्वास गोठतो म्हणायचास, अव्वाला ते पटायचं नाही. तिला वाटायचं तू चेष्टा करतोस. मग थोडे दिवस फोन नाही. आणि मग एक फोटो आला. हिरव्या-करड्या वर्दीत तू, मागं पांढरं मैदान, डोक्यावर जाड टोपी.

मी तो फोटो दुकानात मशीनवर बसलेली असताना बघितला. सिद्धू, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या फोटोकडं बघून मी घाबरायला हवं होतं. घाबरले, पण नंतर. आधी मनात आलं, शोभतोय. लिंबाला लटकून लटकून जे पाहिजे होतं ते अंगावर घालून तू उभा होतास, आणि तुझ्या तोंडावर तेच गव्हाणीतलं हसू होतं. मग माझी नजर शिलाईवर गेली. खांदे उतरलेले होते. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. ती वर्दी दुसऱ्या कुणाच्या तरी मापाची होती.

मी लगेच फोन लावला. तू उचललास आणि पहिलंच विचारलंस, "कसा दिसतोय?"

"बाह्या लांब झाल्यात."

तू हसलास. म्हणालास, "अक्का, इथं उंची कुणी मोजलीच न्हाय."

मग तू हळूहळू सांगितलंस. कसल्या तरी कागदावर सह्या घेतल्या, भाषा वाचता येत नव्हती, काम बदलतंय एवढंच कळलं, आणि गाडीत बसवून लांब नेलं. अव्वाला सांगू नको म्हणालास. लढायला नेत नाहीत, सैपाकाला ठेवलंय, पुढच्यांना डबे पोचवायचे एवढंच, असं मला दोनदोनदा सांगितलंस. तिथं आपल्याकडचा एक जण भेटलाय, मौला त्याचं नाव, कलबुर्गीकडचा आहे, दिवसभर कानडी बोलतो, हे सांगताना तुझा आवाज सुधारला. "अक्का, तुझ्यापेक्षा चांगली कानडी बोलतंय त्ये," म्हणालास. तिथंही तू ते भांडण सोडलं नव्हतंस. अप्पा त्यानंतर कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. तुला सोडवून आणायचं काही तरी होईल असं लोक सांगायचे. तेवढ्यात मौलाचा फोन आला.

तो स्वतः घरी आला तो पुढं दोन महिन्यांनी. त्याच्याही पायाला लागलं, म्हणून त्याला सुटका मिळाली. कुबडी घेऊन बसमधून उतरला आणि विचारत विचारत आपल्या दारात आला. तुझ्यापेक्षा थोराड असेल असं मला का कोण जाणे वाटलं होतं. तो तुझ्याच वयाचा, बारीक, दाढी नीट न आलेला निघाला. अव्वानं त्याला पाट दिला, पाणी दिलं. तो तिला पहिल्या शब्दापासून अव्वा म्हणाला. सगळं बोलणं कानडीत झालं. मी इथं मराठीत लिहिते आहे, तेवढं माझं तुझ्यापुढं हसू होऊ दे.

त्यानं सांगितलं की तू पुढच्या खंदकाकडं जेवणाचे डबे घेऊन निघाला होतास आणि वरून ड्रोननं टाकलेला गोळा जवळ पडला. तुला फार वेळ लागला नाही. हे त्यानं अव्वाकडं बघत, न अडखळता सांगितलं. मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. मागच्या एका खेड्याबाहेर मैदानात तिकडच्या शिपायांच्या कबरींच्या रांगा आहेत, तिथंच तुला जागा मिळाली. लाकडाच्या फळीवर त्यांच्या लिपीत नाव लिहिलं, तेही चुकीचं असणार असं तो म्हणाला, कारण तुझं नाव तिथं कुणालाच घेता यायचं नाही.

अप्पा खाली मान घालून ऐकत होते. अव्वानं एकच विचारलं. "बसवलं का निजवलं?"

मौलाला ते लगेच कळलं. कलबुर्गीकडचा असल्यामुळं त्याला आपली रीत ठाऊक होती. आपण लिंगायत, माणसाला बसवून माती देतो. डोळे मिटलेले, कपाळाला विभूती, डाव्या तळहातात गळ्यातलं लिंग. आजी गेली तेव्हा तू लहान होतास आणि तिला बसलेली बघून तू म्हणाला होतास, आजी उठली. ते अव्वाच्या मनातून कधी गेलं नाही.

मौलाला खोटं सांगणं सोपं होतं. आम्हाला कोण तपासायला जाणार होतं? तो म्हणाला, "निजवलं, अव्वा. तिथं सगळ्यांना निजवत्यात."

अव्वा भिंतीला टेकली. मग त्यानं पुढचं सांगितलं. पेटी बंद करायच्या आधी त्यानं तिथल्या माणसांना हातानं खूण करून थांबवलं. तुझ्या गळ्यातलं लिंग काढलं. तू रोज सकाळी ते कसं हातात घेऊन बसायचास ते त्यानं बघितलं होतं, म्हणून डाव्याच हातात ठेवलं. पण थंडीनं बोटं आखडली होती, ती मिटेनात. तो तुझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसला. माणसं घाई करत होती. तो उठला नाही. शेवटी बोटं वळली. तुझ्या पिशवीत अव्वानं दिलेली विभूतीची पुडी होती, ती त्यानं तुझ्या कपाळाला लावली.

"मंत्र मला कुठनं येणार, अव्वा," तो म्हणाला. "त्याला आपल्या बोलीतलं कायतरी ऐकू यावं म्हणून म्या म्हणलो, मलको तम्मा."

झोप रे, भावा. अव्वानं त्याचा हात ओढून घेतला आणि त्याच्या तळहातावर आपलं तोंड टेकलं. किती वेळ तशी बसली होती.

तो गेल्यावर थोड्याच दिवसांत सरकारी कचेरीतून फोन आला. लढाई थंडावली की तुला तिथून काढून घरी आणता येण्याजोगं आहे, पण घरच्यांनी हो म्हणायला हवं. त्या फोननं आपल्या घरात जे झालं ते तू बघायला हवं होतंस, किंवा नकोच. अप्पा म्हणाले, आणायचा. त्यांनी रानात आजीच्या समाधीशेजारची बोरी-बाभळी तोडून जागा साफ करायला घेतली. अव्वा म्हणाली, एकदा मातीत ठेवलेलं लेकरू परत उकरायचं नाही. त्याच्या हातातलं लिंग निसटंल, परत कोण मिटणार ती बोटं? मठातल्या अय्यांना विचारलं, तर ते म्हणाले, हातात लिंग होतं ना, मग कुठंही असो, त्याचं झालंय. अप्पांना ते पटलं नाही. मी अप्पांच्या बाजूनं होते. मला तू हाकेच्या अंतरावर पाहिजे होतास. बरेच दिवस घरात तिघंही एकमेकांशी फक्त जेवणापुरतं बोलत होतो, आणि कचेरीला उत्तर गेलं नव्हतं.

तुझ्या नावानं घातलेल्या आराधनेच्या जेवणाला अव्वानं मौलाला बोलावलं. त्याला अय्यांच्या पंगतीत बसवून स्वतः वाढलं. जेवणं उरकली, माणसं पांगली, तेव्हा अप्पा त्याला म्हणाले, चल, रान बघू. मीही मागं गेले. कुबडी असल्यानं तो हळू चालत होता आणि गुडघ्यांमुळं अप्पाही. अप्पांनी त्याला साफ केलेली जागा दाखवली. इथं आणायचा म्हणालो, पण त्याची आई ऐकंना, असं सांगितलं. मौलानं नुसती जागा बघितली. तो कुणाच्या बाजूनं बोलणार? तिघं बांधावर बसलो. तूर काढून झाली होती, रान मोकळं होतं.

अप्पांनी विचारलं, "जमीन कशी हाय तिथली?"

"काळी हाय, अप्पा."

अप्पांनी मान वर केली. "काळी?"

"लई काळी. बर्फ उतरला की पायाला धरून बसती. बूट निघंना तिच्यातनं. सिद्धू म्हणायचा, आमच्या रानागत हाय."

"पिकतंय काय?"

"गहू. नजर पुरंना येवढा. लढाईच्या आधीचं सांगत्यात गावातली लोकं. सूर्यफूल बी लई. त्याला जिथं ठिवलंय त्याच्या पल्याड समदी रानंच हायत."

अप्पांनी पायाजवळचं ढेकूळ उचललं, हातात दाबून फोडलं, पुन्हा दाबलं. हातातली माती संपेपर्यंत ते ती चुरत राहिले. मग हात झटकले.

"मग ऱ्हाऊ दे त्याला," ते म्हणाले.

माझं म्हणणं अजून तेच आहे, सिद्धू. तुला इथं आणायला हवं होतं, यावर मी तुझ्याशी, अव्वाशी, कुणाशीही भांडायला तयार आहे. पण त्या दिवशी आम्ही परत निघालो तेव्हा अप्पा बांधावरून मौलाच्या बरोबरीनं, त्याचा कोपर धरून चालत होते. मागून मला ऐकू येत होतं. तिकडं गहू पेरतेत कधी, पाणी कुठनं देतेत, रानडुकरं येतेत का तिकडं. तुझी बातमी आल्यापासून अप्पांनी कुणाला एवढे प्रश्न विचारले नव्हते.